‘घरात बसून लिहू नका’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. गुळवेल आणि वटवाघूळ झाडाला कशी धरून राहतात, ह्याची तुलना मी एका पोस्टमध्ये केली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं की वटवाघळाच्या पंखांच्या पसाऱ्याचा आकडा चुकलाय, वटवाघूळ बिया पसरवतं आणि वेल उलट झाडाचं ऊन अडवते म्हणून तुलनाच होत नाही, आणि शेवटी “घरात बसून लिहिण्यापेक्षा जरा अभ्यास करा”.

आकड्याचं मान्य. सहा फूट लिहिलं होतं, चार फुटांच्या आसपास पाहिजे. दुरुस्त केलं, झालं समाधान?

आता ते “घरात बसून”. यावल तालुक्यात आमचा मळा आहे, विहिरीजवळ कडुनिंब, त्याच्यावर गुळवेल. आठवीत असताना चुलत्यांनी सांगितलं म्हणून मी ती कोयत्याने बुडातून तोडली, आता वाळेल म्हणून बसलो तर पावसाळ्यात वरून सुतळीहून बारीक मुळ्या लोंबायला लागल्या, शाळेतून आलो की आधी तेच बघायचो, एक दिवस एक मुळी मातीला टेकली आणि बाई पुन्हा हिरवीगार! हे कुठल्या घरात बसून दिसतं ते सांगा. नदीकाठच्या चिंचेवरची वटवाघळंही तशीच पाहिलीत, मे महिन्यात आपल्याकडची दुपार तुम्हाला माहीत असेल (नसेल तर या एकदा), तेव्हा उलटी लटकून पंखांनी वारा घेत असतात. एक मेलेलं तीन दिवस तसंच लटकून होतं. अंगाच्या वजनानेच त्याची नखं आवळली जातात, ताकद लावावी लागत नाही, म्हणून मेल्यावरही सुटत नाही. माझी तुलना एवढ्याच धरण्याची होती, ते वाचलंच नाही तुम्ही.

आणि अभ्यासच पाहिजे ना? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांच्या रांगेत उपद्रवी म्हणून होती, ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत रद्द झाली. इकडे केळीवाले अजून त्यांना शिव्या घालतात, पण आपण घड हिरवाच कापतो, वटवाघूळ पिकलेलं खातं. एवढं कळायला पुस्तक लागत नाही.

बिया आणि ऊन हा वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. आमचा कडुनिंब वेलीसकट अजून उभा आहे, ऊन मिळतंय त्याला. आणि पुढच्या वेळी ‘निसर्गप्रेमी’ ऐवजी नाव टाकून लिहा, म्हणजे कोणाशी बोलतोय ते तरी कळेल.