सिलिकॉनवर अवयव नव्हे, पेशींचा थर वाढतो

‘सिलिकॉनच्या चकतीवर मानवी अवयव उगवला, आता दात्याची गरज नाही’ हा फिरणारा मजकूर खरा नाही. अवयवाची वाट पाहणाऱ्या घरांत तो खोटी आशा पेरतो, म्हणून हा खुलासा. सिलिकॉन हे संगणकाच्या चिपमध्ये वापरले जाणारे मूलद्रव्य; त्याच्या सच्छिद्र, पातळ पटलावर वाढतो तो पेशींचा थर. रक्तवाहिन्यांसह अख्खा अवयव नव्हे. पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छिद्रे बहुधा नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रोमीटरच्याही हजाराव्या भागात, मोजण्याइतकी बारीक. त्यामुळे पेशी वरच राहते, पोषकद्रव्ये आणि रासायनिक संदेश मात्र आरपार जातात. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पेशी वाढवून त्यांचा परस्परसंवाद तपासता येतो, आणि हेच या कामाचे खरे मोल. शिवाय हे सिलिकॉन म्हणजे रबरासारखे लवचीक सिलिकोन नव्हे. सच्छिद्र सिलिकॉन शरीरद्रवात हळूहळू विरघळते, त्याचे सिलिसिक आम्ल होते.