चिनी विद्यार्थी म्हणे ‘गोल गोल’ विचार करतात

परदेशी विद्यापीठांत शिकवणाऱ्या मंडळींच्या गटांत एक ढकलपत्र सतत फिरत असतं. सार असं: चिनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी लेखनाचा वेगळा कोर्स काढणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचा विचारच वर्तुळाकार, मुद्द्यावर येता येता पान संपतं. नक्कल त्यांच्या संस्कृतीत मुरलेली. काही शिकवायचंच तर आधी व्याकरण शिकवा, आणि तेही जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याकडून. मी हाच विषय शिकवते, त्यामुळे हे पत्र मला दर सत्राच्या सुरुवातीला कुणी ना कुणी पाठवतंच. एकदाचं उत्तर देऊन टाकते.

वर्तुळापासून सुरुवात करू. 1966 मध्ये रॉबर्ट कॅप्लान या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने एका लेखात काही छोट्या आकृत्या काढल्या. इंग्रजी लेखनासाठी सरळ खाली जाणारी रेघ, ‘पौर्वात्य’ लेखनासाठी आत आत वळत जाणारं वेटोळं. चित्र झकास होतं, म्हणून टिकलं. पण कॅप्लान यांनी तपासले होते ते परदेशी विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेले निबंध. चिनी माणूस चिनी भाषेत कसा लिहितो, हे त्यात कुठेच नव्हतं. पुढे 1987 मध्ये त्यांनी स्वतःच आपलं म्हणणं बरंच मवाळ केलं. ढकलपत्रवाल्यांपर्यंत ती बातमी पोचायची आहे.

‘शेकडो वर्षांच्या अष्टपदी निबंधाचा परिणाम’ असंही त्यात ठोकून दिलेलं असतं. चीनच्या मिंग आणि छिंग राजवटींत सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षांतला हा आठ भागांचा निबंध साचेबद्ध होता, हे खरं. पण त्या साच्याचा पहिला नियमच असा, की सुरुवातीच्या दोन वाक्यांत विषय फोडून मुद्दा सांगायचा. म्हणजे वेटोळं नाहीच. शिवाय ती परीक्षा 1905 मध्येच बंद झाली. आजची मुलं जी देतात ती गाओकाओ, म्हणजे बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा. तिच्यात बहुतेक प्रांतांत चिनी भाषेच्या 150 पैकी 60 गुण एकट्या निबंधाला, किमान 800 अक्षरांचा. आपली भूमिका सुरुवातीलाच मांडा, असं शाळेत त्यांना घोकून घोकून सांगितलेलं असतं.

मग इंग्रजीत पाणी का घालतात? कॉलेजातल्या सीईटी-4 या इंग्रजी परीक्षेकडे बघा. निबंधाला 30 मिनिटं, शब्द 120 ते 180. तपासणाऱ्यापुढे गठ्ठे. अशा वेळी शहाणा विद्यार्थी काय करेल? साचा पाठ करेल. ‘विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’ने सुरुवात, मध्ये ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्ज’, शेवटी ‘ऑल इन ऑल’. विषय शेअर सायकलींचा असो की फास्ट फूडचा, ही वाक्यं तीच. ती वजा केली तर विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणावं असं फारच थोडं उरतं. याला वर्तुळाकार विचार म्हणायचं असेल तर आपल्याकडच्या दहावीच्या ‘विज्ञान: शाप की वरदान’लाही म्हणावं लागेल.

विद्यापीठातला कोर्स इथेच कामाला येतो. तोच सायकलींचा विषय घ्या, पण 30 मिनिटांऐवजी पाच आठवडे द्या. ओफो ही शेअर सायकली, म्हणजे मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली, पुरवणारी कंपनी 2014 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी काढली. 2018 च्या अखेरीस तिच्याकडे अनामत रक्कम परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. अनामत 99 किंवा 199 युआन. आता विद्यार्थ्याला विचारा: हे पैसे कंपनीला खर्च करू द्यायला हवे होते का? कुणाच्या बातमीवर विश्वास ठेवतोस, आणि का? या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. पहिला खर्डा बहुधा बातम्यांचा गोषवारा असतो. दुसऱ्यात कुठेतरी ‘माझ्या मते’ डोकावतं, तिसऱ्यात त्या मताला आधार मिळतो. इंग्रजी तेवढंच कच्चं, पण वाचावंसं वाटतं.

नक्कल संस्कृतीत आहे म्हणे. फेब्रुवारी 2019 मध्ये झाई तिएनलिन या लोकप्रिय नटाची डॉक्टरेट बीजिंग फिल्म अकादमीने काढून घेतली. शोधनिबंधांचा तो प्रचंड ऑनलाइन साठा, ज्याला चीनमध्ये झीवांग म्हणतात, त्याबद्दल त्याने थेट प्रक्षेपणात ‘हे काय असतं?’ असं विचारलं, लोकांनी त्याचं लेखन खणून काढलं आणि त्यात चोरी सापडली. एवढा संताप नक्कल पवित्र मानणाऱ्या समाजात होत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना संदर्भ द्यायची रीत कुणी दाखवलेली नसते, इतकंच. दाखवली की बहुतेक जण शिकतात. काही तरीही चोरतात, तसे सगळ्याच देशांत चोरतात.

व्याकरणाचं म्हणाल तर चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही, आणि ‘अ’, ‘द’ ही भानगड त्या भाषेत नाही. (मराठीतही नाही; आपल्या इंग्रजीतले ‘द’ मोजून बघा.) या चुका वर्षानुवर्षं रेंगाळतात. त्या संपेपर्यंत लेखन थांबवलं तर पदवी हातात पडेल आणि निबंध राहूनच जाईल. अर्थ अडतो तिथे लाल पेन चालवावं, बाकीचं सोडून द्यावं.

जन्मजात इंग्रजीवाल्यांचं तर विचारूच नका. आपल्याच इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना लिहिता येत नाही म्हणून अमेरिकेतल्या हार्वर्डने 1874 मध्ये प्रवेशपरीक्षेत निबंध आणला आणि पुढे लेखनाचा सक्तीचा कोर्स काढला. बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठाने 2018 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा कोर्स सुरू केला, तोही चिनी भाषेत. मातृभाषेने लेखन आपोआप येत असतं तर या दोघांना ही उठाठेव करावी लागली नसती.

खरी अडचण त्या पत्रात येतच नाही: वेळ. वर्गात 40 जण, प्रत्येकाचे तीन खर्डे, प्रत्येक खर्ड्याला 20 मिनिटं, म्हणजे एका निबंधामागे 40 तास. छिंगहुआने वर्ग साधारण 15 जणांचा ठेवला, तिथे हाच हिशेब 15 तासांवर येतो. कोर्स सुरू करताना विभागप्रमुखांशी भांडायचंच असेल तर या आकड्यावरून भांडा, आणि वर्ग 20 च्या वर जाणार नाही हे लेखी घ्या.