‘वीस एक’नं मराठी शाळा बुडाली नाही
गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला. ‘आमच्या वेळी पाढे तोंडपाठ होते, छडीचा धाक होता, नापास व्हायची भीती होती, म्हणून पाया पक्का झाला. आता नुसते खेळ, आणि वीस एक, वीस दोन शिकवून गणितही गेलं नि मराठीही. ही मुलं उद्याच्या जगात टिकणार कशी?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. हे वाचून गप्प बसवेना.

आधी ‘वीस एक’, कारण राग सगळ्यात जास्त त्याचाच. 2019 मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं, त्यात एकवीसला ‘वीस एक’, बावीसला ‘वीस दोन’ म्हटलं होतं, आणि पार विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. पण ‘एकवीस’ कुणी खोडलं नव्हतं, पुस्तकात दोन्ही नावं होती. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा हेच परोपरीनं सांगितलं. ‘वीस एक’ का आणावं लागलं, हे माझ्या वर्गात बसलं की कळतं. मी ‘पंचवीस’ म्हटलं, तर पुढे बसलेल्या मुलीनं पाटीवर आधी 5 काढला, मग 2. तिचं ऐकण्यात काहीच चुकलं नव्हतं. मराठीत एकक आधी बोलतात, लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस हा विसातला आकडा, पण नाव तिसाचं! कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे सरळ वीस-एक. तेलुगूतही तसंच. मी तिच्यासमोर काड्यांचे दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या ठेवल्या. ‘वीस आणि पाच,’ ती म्हणाली आणि 25 लिहिलं. मग त्यालाच पंचवीस म्हणतात, हे सांगितलं. आठवड्याभरात ती पंचवीसच म्हणू लागली. यात मराठी कुठे गेली?

पाढे पाठ हवेतच, त्यावर माझं भांडण नाही. पण ‘सात आठे छप्पन’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘सात डब्यांत आठ-आठ लाडू, एकूण किती?’ विचारलं की तो पंधरा सांगतो, हे दर वर्षी बघते. गुणाकार मोबाइलही करून देतो. इथे गुणायचं की मिळवायचं, ते त्या मुलालाच कळावं लागतं. काड्या, मणी, खोटं दुकान हे ‘नुसते खेळ’ त्यासाठीच असतात.

आता तो पक्का पाया. 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर होते सुमारे 35 टक्के, 2011 मध्ये 82. माझे थोरले काका त्या जुन्या शाळेतलेच. तेराचा पाढा चुकला म्हणून हातावर वळ उठले. दुसऱ्या दिवसापासून ते ओढ्याकडे जाऊन बसायला लागले, आणि तिसरीतच शाळा सुटली. बँकेत आजही अंगठा देतात. ज्यांचा पाया पक्का झाला ते आज मेसेज पाठवतात. काका कुठल्याच ग्रुपवर नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायला बंदी केली, ती मला मनापासून पटते.

नापास न करण्याबद्दल मात्र मेसेजवाल्यांचं थोडं खरं आहे. 2009 च्या त्या कायद्यानं आठवीपर्यंत नापास करू नका म्हटलं, पण सोबत मुलाचं सतत मूल्यमापन करा असंही म्हटलं होतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी नोंदवह्या भरल्या आणि मूल तपासायचं राहून गेलं. 2019 मध्ये कायदा बदलला, आता आपल्याकडे पाचवी-आठवीला परीक्षा आहे. ठीक आहे. पण दुसरीत मागे राहिलेलं मूल पाचवीत नापास केल्यानं वाचायला शिकत नाही, त्याला दुसरीतच हात द्यावा लागतो.

आणि तो हात द्यायला माणूस हवा. त्याच कायद्यानुसार साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. माझ्या शाळेत पहिली ते चौथी, आणि आम्ही दोघं. मतदार याद्यांच्या कामाला सर गेले की चारही वर्ग माझ्या एका खोलीत येतात. चौथीला भागाकार घालून देते आणि खाली बसून पहिलीच्या पोरांना काड्या मोजायला लावते. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही.