'एका आकड्यासाठी अख्खा प्रश्न चूक' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

वाचणाऱ्यांना वर-खाली शोधावं लागू नये म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. आमच्या मेडिकल कोडिंगच्या (डॉक्टरने लिहिलेल्या आजारांना विम्याच्या क्लेमसाठी ठरलेले कोड देण्याच्या) कोर्सच्या सराव परीक्षेत मोतीबिंदूच्या दोन प्रश्नांत तुमचे मार्क गेले. एकात 'फक्त शेवटचा आकडा राहिला', दुसऱ्यात 'डोळ्याला मार लागल्याचं चार्टमध्ये असतानाही मार लागून आलेल्या मोतीबिंदूचा कोड चूक दिला'. तुमचे आत्येभाऊ सांगलीतल्याच एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या टेबलावर) आहेत, ते एच२६.१, म्हणजे मार लागून आलेला मोतीबिंदू, एवढंच टाकतात आणि त्यांचे क्लेम पास होतात. मग विश्रामबागेत बसून अमेरिकेची थेरं कशाला, असं तुम्ही विचारलंय. फी परत हवी आहे. पार्किंग नाही.

पार्किंग खरंच नाही. इमारत भाड्याची आहे, खाली दुकानं आहेत. समोरच्या गल्लीत दुचाकी लागते.

आता पहिला प्रश्न. चार्ट, म्हणजे रुग्णाचा कागद, असा होता: दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यावर बेसबॉल बसून मुका मार, आता उजव्या डोळ्यात टोटल ट्रॉमॅटिक कॅटरॅक्ट, म्हणजे मार लागून आलेला पूर्ण मोतीबिंदू. इतकं स्वच्छ लिहिणारा डॉक्टर नोकरीत रोज भेटत नाही, हे तिथं गेल्यावर कळेलच. तुम्ही उत्तर लिहिलंत एच२६.१३. आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आजारांच्या कोडच्या यादीत, हे नुसतं शीर्षक आहे, क्लेमवर टाकायचा कोड नाही. खरे कोड त्याच्याखाली आहेत: उजव्या डोळ्याला एच२६.१३१, डाव्याला १३२, दोन्हींना १३३, आणि कोणता डोळा हे नोंदवलेलंच नसेल तर १३९. गट नंबर लिहून हिस्सा न लिहिलेला जमिनीचा कागद जसा दप्तरातून परत येतो, तसा सहाव्या आकड्याशिवाय हा क्लेम परत येतो. त्यामुळे 'जवळजवळ बरोबर' म्हणून अर्धे मार्क देण्याची सोय इथे नाही.

शिवाय तुमच्या रिव्ह्यूत एक गोष्ट राहून गेली. त्या उत्तराला आणखी कोड हवे होते. मोतीबिंदू हा जुन्या इजेचा परिणाम आहे, म्हणजे सिक्वेला. आधी परिणाम लिहायचा, मग मूळ इजा: एस०५.११एक्सएस, उजव्या डोळ्याच्या गोलाला मुका मार. शेवटचा 'एस' इजेच्या कोडला लागतो, मोतीबिंदूच्या कोडला नाही. यात निम्मी बॅच अडखळते, म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम ठेवते. तिसरा कोड डब्ल्यू२१.०३एक्सएस, बेसबॉल लागला त्याचा. एच२६.१ च्या खालची सूचनाच आहे की बाह्य कारणाचा कोड जोडा. तो कधीही पहिला येत नाही. मात्र ही बाह्य कारणं कळवण्याची सक्ती अमेरिकेत देशभर नाही, ते त्या त्या राज्यावर आणि विमा कंपनीवर असतं. म्हणून तिसरा कोड राहिला तर मी मार्क कापत नाही. दुसरा राहिला तर कापते.

दुसऱ्या प्रश्नात तुमची तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. ६८ वर्षांचा रुग्ण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतिहासात 'लहानपणी डाव्या डोळ्याला मार'. निदानाच्या ओळीत नुसतं 'कॅटरॅक्ट'. तुम्ही डाव्या डोळ्यासाठी एच२६.१०२, म्हणजे मार लागून आलेला मोतीबिंदू, लिहिलंत. पण मारामुळे मोतीबिंदू आला असं त्या डॉक्टरने कुठे लिहिलंय? दोन गोष्टी एकाच कागदावर आहेत म्हणून एकीमुळे दुसरी झाली, हे ठरवणं कोडरचं काम नाही. वय ६८ दिसतंय म्हणून परस्पर एच२५, म्हातारपणाचा मोतीबिंदू, असंही लिहायचं नाही. डॉक्टरला क्वेरी पाठवायची. उत्तर येईना तर जेवढं लिहिलंय तेवढंच, एच२६.९, म्हणजे कारण न लिहिलेला मोतीबिंदू.

यावर वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, 'मॅडम, मग डायबेटिसला कसं चालतं?' रास्त शंका आहे. टाइप २ डायबेटिस आणि मोतीबिंदू चार्टमध्ये दोन्ही असले, तर डॉक्टरने संबंध जोडलेला नसला तरी ई११.३६, म्हणजे डायबेटिसमुळे आलेला मोतीबिंदू, देता येतो, कारण इंडेक्समध्ये डायबेटिसखाली 'विथ' या शब्दाच्या ओळीत कॅटरॅक्ट छापलेलं आहे. डॉक्टरने 'संबंध नाही' असं लिहिलं तर मात्र नाही. मार लागण्याच्या बाबतीत अशी सवलत पुस्तकात नाही. मला स्वतःला हा नियम थोडा एकतर्फी वाटतो, पण परीक्षेत आणि ऑडिटमध्ये माझं मत विचारत नाहीत.

तुमच्या आत्येभावांचंही बरोबर आहे. ते जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० वापरतात, त्यात एच२६.१ इथेच कोड संपतो, डावा-उजवा नाही. अमेरिकेने त्याची आपली वाढवलेली आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. आधीच्या आयसीडी-९ मध्ये तिथंही ३६६.२० होतं आणि डोळा कोणता ते कळत नव्हतं. आपल्याकडची तासगाव, जत, मिरजेची मुलं पुणे-हैदराबाद-चेन्नईत ज्या कंपन्यांत लागतात, तिथं चार्ट अमेरिकेचे येतात आणि बहुतेक ठिकाणी ९५ टक्के अचूकता मागतात. सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेतही १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के. पुस्तक जवळ ठेवायची परवानगी असते, म्हणून तर ते नीट वाचता यायला हवं.

आणि कारण नोंदवण्याचं महत्त्व फक्त अमेरिकेत आहे असं नाही. आरोग्य संजीवनी पॉलिसीत मोतीबिंदूला २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, पण अपघातामुळे उद्भवलेल्या क्लेमला ती लागू नाही. नवी पॉलिसी असलेल्या माणसाच्या डोळ्याला लाकडाची ढलपी लागून मोतीबिंदू आला, तर डॉक्टरने तसं लिहिलंय की नाही यावर त्याचा क्लेम ठरतो. आत्येभावांना विचारून बघा, ते दुजोरा देतील.

मार्क वाढणार नाहीत. फीचा नियम प्रवेशाच्या फॉर्मवर आहे: पहिल्या आठवड्यानंतर परतावा नाही, आणि तुमचा कोर्स संपत आलाय. रविवारच्या उजळणीला वेगळे पैसे नाहीत, तुम्ही अजून एकदाही आला नाहीत. येताना पुस्तक आणा, मोबाईलमधली पीडीएफ नको. एच२५ ते एच२८ पुन्हा करून घेऊ, आणि फेरपरीक्षेचा पेपर त्याच दिवशी दुपारी द्या.