यूव्ही प्युरिफायर पाण्यातली औषधं जाळतो म्हणे, जरा थांबा

ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की घरच्या प्युरिफायरमधला यूव्ही दिवा 'ॲडव्हान्स ऑक्सिडेशन' (म्हणजे रसायनांचे रेणू तोडणारी प्रक्रिया) करतो आणि पाण्यातल्या पेनकिलर, अँटिबायोटिकचे अंश जळून फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतं. असं नाहीये हो.

घरचा दिवा जंतू मारण्यापुरता, त्याचा डोस साधारण ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. औषधं तोडायला याच्या दहापट किंवा जास्त लागतो आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकावं लागतं, मग दिव्याच्या उजेडाने ते फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा भयंकर चपळ कण बनतो, तो समोर येईल त्याला चावतो, औषधालाही आणि पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारालाही, म्हणून जड (जास्त क्षाराच्या) पाण्यात बिचारा बराचसा तिथेच संपतो! घरात पेरॉक्साइड कोण घालतंय?

आणि 'फक्त पाणी उरतं' हेही खरं नाही, मोठ्या प्लँटमध्येसुद्धा रेणू बहुतेक वेळा अर्धवट तुटतो, तुकडे राहतात. स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फच्या सांडपाणी प्लँटमध्ये औषधं तोडायला २०१४ पासून ओझोन वायू वापरतात, तरी नंतर पाणी वाळूच्या फिल्टरमधून जातं, तिथले बॅक्टेरिया उरलेल्यातलं बरंच खातात. डायक्लोफेनॅक (एक पेनकिलर) ओझोनने झटकन जातं, पण एक्सरे-सीटीला देतात ती आयोडीनवाली कॉन्ट्रास्ट औषधं चिवट. पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असला तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट हे घातक रसायन बनतं, ती डोकेदुखी वेगळीच.

तंत्र भारी आहे, वाद नाही, पण ते प्लँटचं काम आहे, किचनमधल्या डब्याचं नाही. उरलेल्या गोळ्या तेवढ्या बेसिनमध्ये ओतू नका राव.