‘संपूर्ण संच’ असे खोक्यावर छापताना बागेतल्या छोट्या रेल्वेगाड्यांचे संच विकणाऱ्यांना काहीच कसे वाटत नाही?

गेल्या रविवारी रात्री साडेअकरा वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हर्नियर कॅलिपर घेऊन एका आसाची, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्याची, जाडी तिसऱ्यांदा मोजत होतो आणि तिन्ही वेळा उत्तर तेच येत होते. आस 3.175 मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक अष्टमांश इंच, आणि चाकाचे भोक 3 मिलिमीटर. आस संचातून निघालेला होता. चाके त्या संचाच्या माहितीपत्रकात सांगितली होती तीच, त्याच विक्रेत्याकडून, वेगळे पैसे भरून मागवली होती. एकाच माणसाने विकलेला आस त्यानेच विकलेल्या चाकात जात नाही, आणि ही गोष्ट त्या माहितीपत्रकाच्या आठ पानांत एका ओळीनेही सांगितलेली नाही. हा राग आज लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत खरोखरचे रूळ टाकून त्यांवर छोट्या गाड्या चालवण्याची जुनी परंपरा आहे. त्यातला मला प्रिय असलेला प्रकार म्हणजे अरुंद मापाच्या रेल्वेच्या प्रतिकृती, ज्यांत खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतले 16 मिलिमीटर. या हिशेबाने दोन फुटी रेल्वेचे रूळ बरोबर 32 मिलिमीटर अंतरावर येतात. दोन फुटी म्हटल्यावर आपल्या मनात पहिले नाव येते ते माथेरानचे. 1907 साली सुरू झालेली नेरळ–माथेरानची ती गाडी मी लहानपणी शेकडो वेळा पाहिली आहे. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंट कोपेल कंपनीने सहा चाकांची चार इंजिने बनवली होती आणि घाटातल्या तीव्र वळणांवर पुढचा व मागचा आस वळू शकेल अशी क्लिन-लिंडनर रचना त्यांत होती. त्यांपैकी 740 क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडला येऊन लेटन बझर्डच्या दोन फुटी रेल्वेवर दाखल झाले, हे मला इथे आल्यावर कळले, तेव्हापासून आपल्या बागेत माथेरानची गाडी फिरली पाहिजे ही इच्छा माझ्या मनातून गेलेली नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचो, तसा इथे दगड-मातीचा घाट मी दोन उन्हाळे खपून उभा केला आहे. रूळ तयार आहेत, पूल तयार आहे, अळीव पेरून डोंगराला हिरवळही आणली आहे. अडले आहे ते फक्त इंजिन आणि चार मालडबे, म्हणजे पाच खोकी. त्या पाचही खोक्यांवर ‘संपूर्ण संच’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे.

इंजिनाच्या संचात काय नव्हते ते ऐका. चाके नव्हती. मोटार आणि गिअर नव्हते. बॅटरी, चार्जर आणि वेग नियंत्रित करणारे यंत्र नव्हते, ते एक वेळ मी समजू शकतो, कारण प्रत्येकाची पसंती निराळी असते. पण डबे जोडायचे कपलिंग नव्हते, धक्का झेलणारे बफर नव्हते, खिडक्यांसाठी पारदर्शक पत्रे नव्हते आणि क्रमांकाची अक्षरेही नव्हती. खोक्यात होते ते कापलेले पितळी पत्रे, मऊ पांढऱ्या धातूचे काही ओतीव भाग, आस आणि स्क्रूंची एक पुडी. संच 140 पौंडांना घेतला आणि गाडी रुळावर उभी राहण्याआधीच त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम खर्च झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत वापरत आलो होतो. पैशांचेही मी सहन केले असते, कारण छंदाला पैसे लागतात हे मला कळते. पण जी वस्तू अपुरी आहे तिला संपूर्ण म्हणणे याला आपल्या भाषेत सरळ खोटे बोलणे म्हणतात. ‘चाके, मोटार व कपलिंग वेगळी घ्यावी लागतील’ एवढे एक वाक्य खोक्यावर छापायला शाई किती लागते?

आता त्या माहितीपत्रकाकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. छत कसे चिकटवावे यासाठी त्यात पूर्ण एक पान आहे, तीन छायाचित्रांसह. छत ही इंजिनातली सर्वांत सोपी गोष्ट आहे; माझी अकरा वर्षांची मुलगी ते डोळे मिटून चिकटवील. आणि चाकांसाठी काय आहे? एकच वाक्य: ‘चाके बसवा, क्वार्टरिंग करा आणि इंजिन मोकळे फिरते याची खात्री करा.’ ज्याने कधी इंजिन बांधले आहे त्याला ठाऊक आहे की या एका वाक्यात तीन आठवडे दडलेले असतात. इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या चाकांवरचे क्रँक, म्हणजे दांडे जोडायचे खुंट, एकमेकांशी 90 अंशांत असावे लागतात, यालाच क्वार्टरिंग म्हणतात; म्हणजे एका बाजूचा दांडा मृत बिंदूवर, जिथून तो चाक फिरवू शकत नाही, असताना दुसऱ्या बाजूचा दांडा चाक ओढत राहतो. तीन आसांच्या इंजिनात हा कोन तिन्ही आसांवर तंतोतंत एकसारखा असला पाहिजे. एका आसावर दोन अंशांचा जरी फरक पडला तरी जोडदांडे अडखळतात, इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा गचका खाते आणि शेवटी गिअर झिजतात. दांड्यांची भोके आसांच्या अंतराशी जुळतात का हे आधी पाहायचे, मग एका आसाला प्रमाण मानून बाकीचे दोन त्याच्याशी जुळवायचे, प्रत्येक वेळी गिअर बाजूला काढून हाताने फिरवून बघायचे, अडखळण नेमकी कुठे आहे ते शोधायचे आणि तेवढेच भोक कानशीच्या एका हाताने मोठे करायचे. हे सगळे मला कोणी सांगितले? तीन वाया गेलेल्या रविवारांनी सांगितले. संच विकणाऱ्याने नाही.

चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर किती ठेवायचे तेही त्या पत्रकात नाही. 32 मिलिमीटरच्या रुळांवर ते 28 मिलिमीटरच्या आसपास असावे लागते, नाहीतर सांध्यांच्या जागी चाक चढते आणि गाडी घसरते. हा एकच आकडा मला हवा होता. तो छापला असता तर माझे पहिले दोन मालडबे पुलावरून खालच्या कुंडीत पडले नसते आणि त्यांतल्या एकाचा ब्रेकचा दांडा तुटला नसता.

मालडब्यांची तर कथाच वेगळी. त्यांचा सांगाडा लेझरने कापलेल्या एमडीएफचा होता. बागेतल्या गाडीसाठी एमडीएफ! ज्या देशात आठवड्यातले चार दिवस पाऊस भुरभुरतो, जिथे रात्रभर दव पडते, तिथे बाहेर चालवायच्या वस्तूसाठी पाणी शोषून फुगणारे लाकूड वापरण्याचा विचार ज्याच्या डोक्यात आला, त्याने स्वतः ती गाडी एक संपूर्ण हिवाळा बागेत चालवून पाहिली होती का, एवढे मला विचारायचे आहे. मी प्रत्येक कडेला आधी पातळ वॉर्निशचे दोन थर दिले म्हणून माझे डबे आजही सरळ उभे आहेत. पत्रकात वॉर्निशचा उल्लेख आहे, पण रंगानंतर शोभेसाठी म्हणून! शिवाय सांगाडा अगदी ताठ आहे. बागेतले रूळ थंडीने वर-खाली होतात, जमीन खचते, चिखलात खडी रुतते, आणि चार चाकांच्या ताठ डब्याचे एक चाक हमखास अधांतरी राहते. एक आस मध्यावर किंचित डोलेल अशी सोय ठेवली की हे दुखणे बरे होते, आणि त्यासाठी लागते ती फक्त एक पितळी पट्टी. ही युक्ती जगाला माहीत आहे, तरी चारही संचांपैकी एकातही ती पट्टी नाही.

आणि स्क्रू. स्क्रूंबद्दल मी अजून शांतपणे बोलू शकत नाही. पुडीत निम्मे स्क्रू मेट्रिक होते आणि निम्मे जुन्या ब्रिटिश असोसिएशन मापाचे, ज्याला इथे बीए म्हणतात. 8 बीएचा स्क्रू 2.2 मिलिमीटरचा असतो आणि एम 2 चा 2 मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण आटे निराळे असल्याने दोन फेरे गेल्यावर स्क्रू अडकतो, आणि आपण थोडा जोर लावला की पितळातले आटे कायमचे जातात. पुडीवर चिठ्ठी नव्हती. कोणता स्क्रू कुठे जायचा याचा तक्ता नव्हता. माझ्या चासीतले एक भोक असेच खराब झाले, मग ते मोठे करून त्यात नळी बसवली, डाख दिला आणि नव्याने आटे पाडले. तेवढ्यात उरलेल्या दिवसाचा प्रकाश गेला. ज्या पुडीत दोन मापे एकत्र टाकायची, त्या पुडीत दोन छोट्या पिशव्या टाकता येत नाहीत, हे मला कोणी पटवून दाखवावे.

मापांच्या नावांचा गोंधळ हा तर सगळ्या व्यवसायाचाच रोग आहे. 1968 साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी गाड्या आणल्या, त्या मीटरगेज रेल्वेच्या 1:22.5 प्रमाणातल्या होत्या आणि 45 मिलिमीटरच्या रुळांवर धावायच्या, तोवर सगळे स्वच्छ होते. मग त्याच 45 मिलिमीटरच्या रुळांवर चालणाऱ्या 1:20.3, 1:24, 1:29 आणि 1:32 प्रमाणाच्या गाड्यांनाही विक्रेते सरसकट ‘जी’ म्हणू लागले. परिणाम काय? मी ‘बागेतल्या रेल्वेसाठी योग्य’ अशी जाहिरात वाचून चालक आणि दोन हमाल यांच्या मूर्ती मागवल्या. त्या आल्या 1:24 च्या. माझी गाडी साधारण 1:19 ची. माझा चालक त्याच्या केबिनमध्ये उभा राहिला की दहा वर्षांच्या मुलासारखा दिसतो. जाहिरातीत गुणोत्तर लिहायला हवे होते. गुणोत्तर म्हणजे दोन आकडे आणि मधले विसर्गासारखे दोन ठिपके.

पुण्यात माझा एक मित्र आहे, बंगल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यानेही 32 मिलिमीटरचे रूळ टाकले आहेत. त्याची अवस्था माझ्याहून वाईट आहे. त्याला संच इथूनच मागवावे लागतात, त्यांवर टपालखर्च आणि सीमाशुल्क भरावे लागते, आणि आत एक पुडी कमी निघाली तर पुन्हा तेच चक्र. मागच्या पावसाळ्यात त्याच्या डब्याच्या संचात ब्रेकचे चार ठोकळे असायला हवे होते, निघाले तीन. चौथा ठोकळा मी इथून मागवून, पत्राच्या पाकिटात घालून पाठवला, तो सहा आठवड्यांनी पोहोचला. एक ग्रॅम पांढऱ्या धातूसाठी सहा आठवडे! आणि कमी पडलेल्या भागाबद्दल लिहिल्यावर त्याला आलेले उत्तर असे, की खोके भरताना नेहमी तपासले जाते.

मला हेही सांगण्यात येते की हे विक्रेते लहान आहेत, एकटा माणूस मागच्या शेडमध्ये बसून संच कापतो, तेव्हा त्याच्याकडून कारखान्याची अपेक्षा करू नये. मला ही अडचण पूर्ण मान्य आहे आणि अशा माणसांबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यांच्याशिवाय हा छंदच उरणार नाही. मी बांधलेल्या सर्वांत चांगल्या डब्याचा संच अशाच एका एकट्या माणसाने बनवलेला होता. त्याच्या पत्रकात प्रत्येक भागाचे मूळ आकारातले रेखाचित्र होते, त्यावर भाग ठेवला की चूक लगेच कळायची. स्क्रूंची यादी होती, आसाचा व्यास होता, ओतीव भागांसाठी 70 अंशांवर वितळणारा डाख वापरा, साधा वापरलात तर भागच वितळेल, असा चौकटीतला इशारा होता. तो डबा दोन संध्याकाळी बांधून झाला आणि तीन हिवाळे झाले तरी एकदाही घसरलेला नाही. म्हणजे एकट्या माणसाला हे जमते. जमत नाही ते त्यांना, ज्यांनी स्वतःचा संच स्वतःचेच पत्रक समोर ठेवून, डोक्यातले ज्ञान बाजूला सारून, एकदाही बांधून पाहिलेला नाही. त्यांना सगळे आधीच येते, म्हणून आपल्यालाही यावे असे त्यांनी गृहीत धरलेले आहे. आणि तक्रार केली की ‘यासाठी थोडा अनुभव लागतो’ असे सांगून ते मोकळे होतात. अनुभव मला आहे. आसाची जाडी अनुभवाने कळत नाही, ती मोजून छापावी लागते.

चाकाचे भोक मोठे करायला रीमर मागवला आहे, तो मंगळवारी येईल. भोक हाताने मोठे करताना ते मध्यापासून केसभर जरी सरकले तरी चाक डुगडुगणार आहे आणि सहा चाकांपैकी एक जरी डुगडुगले तरी केलेले क्वार्टरिंग पुन्हा पहिल्यापासून. दिवाळी पाच आठवड्यांवर आली आहे आणि पणत्या लावून घाटावरून गाडी न्यायची असे मी मुलीला वचन दिले आहे. विक्रेत्याने पैसे परत देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली. त्याला मी एवढेच लिहिले आहे की पत्रकाच्या पुढच्या प्रतीत तिसऱ्या पानावर, चाकांच्या त्या एका वाक्याच्या वर, ‘आस 3.175 मिलिमीटर’ एवढे छापा, आणि ते छापल्यावर एक प्रत मला पाठवा.