काका, फोन धरता?

‘काका, जरा फोन धरता? तुम्ही उंच आहात.’

काका! १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, समोर अमेरिकन रॉक बँड गन्स एन रोझेस. त्यांचा गायक ॲक्सल रोझ, जन्म १९६२चा. त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस सगळ्या मैदानाचा ‘ॲक्सल’, आणि त्याच्याहून चांगला दीड दशकाने धाकटा मी काका. अजून डोकं तापतं.

पोराने माझ्या हातात फोन कोंबला, मैत्रिणीला खांद्यावर घेतलं आणि दोघं मिळून माझ्या नाकासमोर उभे राहिले. ‘नोव्हेंबर रेन’ तेव्हाच सुरू व्हायचं होतं. फोनवर व्हिडिओ कॉल. पलीकडे त्याची आत्या, मिरजेहून.

‘अहो, तुम्ही कोण?’

‘फोन धरणारा. बोला काकू.’ काकू मुद्दाम म्हणालो. त्यांना काहीच वाटलं नाही.

‘एवढी मोठी पेटी घेऊन बसलाय तो?’

‘पियानो आहे.’

‘सूर खाली लावलाय. वय झालं की गळ्याला झेपत नाही.’

मिरज म्हणजे तंबोऱ्या-सतारींचं गाव, तिथल्या माणसाशी सुरावरून वाद घालू नये. पण मला राहवेना. ओरडून सांगितलं की यांच्या गिटारी पहिल्या अल्बमपासून, १९८७पासून, अर्धा सूर खालीच लावतात. तेव्हा हा पंचवीस वर्षांचा होता!

‘मग तेव्हापासूनच झेपत नसेल.’

पुढचा प्रश्न त्यांच्या गिटारवाल्यावर, स्लॅशवर. ‘त्या टोपीवाल्याला उकडत नाही का हो?’

त्याचं माहीत नाही, मी उकडून निघालो होतो. दारावरच माझी पाण्याची बाटली काढून घेतली होती. कारण, सुरक्षा. तेच पाणी आत अव्वाच्या सव्वा भावात घेतलं की सुरक्षित. शर्यतीच्या दिवशी इथे घोड्यांना तरी फुकट पाजत असतील. वर ती रांग! हजारोंचं तिकीट लावणाऱ्यांना पिण्याच्या पाण्याचे चार नळ लावता येत नाहीत? यात विनोद काही नाही. मे महिन्यात मुंबईत हा निव्वळ नालायकपणा आहे.

असो. हे २०१२च्या डिसेंबरात मुंबईत आले होते तेव्हाही मी गेलो होतो. पण तेव्हा स्लॅश बँडमध्ये नव्हता, तो परतला २०१६ला. म्हणजे मी आलो होतो त्या टोपीसाठी. आणि गिटार सुरू झाली तेव्हा माझ्यासमोर फक्त एका अनोळखी मुलीची पाठ.

‘अय्या, टोपीवाला पुढे आला!’

‘कुठे?’

‘अगदी कडेला. मान मागे टाकून वाजवतोय. तुम्हाला दिसत नाही?’

‘नाही. सांगा ना, पुढे काय करतोय?’

हात वर ताठ, मान वाकडी, आणि स्लॅशचा सोलो मी मिरजेहून ऐकतोय. आत्यांनी सांगितलं मात्र झकास. बोटं कशी पळतायत तेसुद्धा.

गाणं संपलं. पोराने फोन घेतला. ‘थँक्यू काका’ झालं. पाठोपाठ आतून आत्यांचा आवाज: ‘पुढच्या गाण्याला त्यांना म्हणावं, थोडा उजवीकडे धरा.’